सिस्टरच्या बेटावर जायचं ठरलं

मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंना सगळे हॅलोताई म्हणायचे. खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच. चौकशीच्या खिडकीमागे, जिन्याखाली त्यांची खोली. खोली कसली, खोबणच ती. फिरायचं केव्हाच विसरलेली एक फिरती खुर्ची, कानावरून सारखा घसरणारा हेडफोन आणि समोर दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला की त्या "हॅलो" म्हणायच्या. घाबरून फोन केलेली माणसं त्या एका शब्दानेच निम्मी सावरायची.

दुपारी कधीकधी समुद्रापलीकडून फोन यायचा. तिकडे एका लहानशा बेटावर आरोग्य केंद्र होतं आणि ते सांभाळायला एकच सिस्टर. काही अडलं की ती इथल्या डॉक्टरांना विचारायची. डॉक्टर हाताशी असतातच असं नाही, मग लाइन धरून ठेवावी लागायची. तेवढ्या वेळात दोघी बोलायच्या. आधी नुसतं "येतायत हं डॉक्टर", मग हवापाणी, मग घरचं.

"मागे कोण ओरडतंय हो?" हॅलोताईंनी एकदा विचारलं.

"कोंबडा. त्याला पहाट कधी होते ते अजून कळलेलं नाही."

तेवढ्यात धाडकन काहीतरी वाजलं. हॅलोताई दचकल्या.

"नारळ पडला पत्र्यावर," सिस्टर म्हणाली. "पेशंट टुणकन उठून बसला बघा. माझ्या गोळ्यांनी जे जमलं नाही ते नारळाने केलं."

एका वादळी दिवशी मात्र चेष्टेला जागा नव्हती. बेटावर एक बाळंतीण अडली होती, बोट सुटणं शक्य नव्हतं आणि इथले डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. हॅलोताईंनी हेडफोन फेकला आणि त्या धावत सुटल्या. थिएटरच्या दाराशी उभं राहून डॉक्टरांचं वाक्य न् वाक्य पाठ करायचं, धापा टाकत परत येऊन सिस्टरला सांगायचं, तिचा प्रश्न घेऊन पुन्हा पळायचं. जिना किती वेळा चढल्या-उतरल्या, देव जाणे. शेवटी वाऱ्याच्या घोंघावण्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं. मग सिस्टर रडली आणि इकडे हॅलोताईही रडल्या.

"अगं, जमलं गं!" सिस्टर ओरडली. त्या "अगं"बरोबर दोघींमधलं "तुम्ही" संपलं.

एकमेकींना पाहिलेलं मात्र नव्हतं. फोटो मागितला की सिस्टर म्हणायची, "फोटोत काय बघतेस? येऊनच बघ."

मग हॉस्पिटलात यंत्र आलं. चौकशीसाठी एक दाबा, तपासणीसाठी दोन दाबा. हॅलोताईंची बदली केसपेपरच्या खिडकीवर झाली. बोर्डापुढच्या शेवटच्या दुपारी सिस्टरचा फोन आला.

"आता मी कुणाशी बोलू? त्या एक-दोन दाबायला लावणाऱ्या बाईशी?"

"मग काय करू सांग."

"काय करू म्हणजे? तू ये इकडे."

"येते," हॅलोताई म्हणाल्या. घरी विचारते, बघते, कळवते, यातलं काहीही तोंडातून निघालं नाही. जन्मात पहिल्यांदाच.

घरी आल्या त्या तरंगतच. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. डोळ्याला भिंग लावून ते कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले होते.

"अहो, मी बेटावर जाणार."

भिंग काढून त्यांनी बायकोकडे पाहिलं. "म्हणजे समुद्रातून?"

"नाहीतर काय, जिन्यावरून?"

"मला बसमध्येसुद्धा मळमळतं, ठाऊक आहे ना तुला?"

"तुम्हाला कुठे म्हणतेय? मी जाणार म्हटलं."

आतून सासूबाईंचा आवाज आला. गॅस बंद कर म्हटलेलं ज्यांना कधी ऐकू जात नसे, त्यांनी हे बरोबर ऐकलं होतं. "मीसुद्धा येणार! मला कुणी विचारू नका, मी ठरवलंय."

त्या दिवसापासून घरात वारं शिरलं. सिस्टरच्या मोबाइलला टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नसे, म्हणून ती धापा टाकतच बोलायची आणि इकडे तिघंही फोनभोवती गोळा व्हायची.

"सपाट चपला आण. टाचेच्या आणल्यास तर वाळू ठेवून घेईल. आंघोळ विहिरीवर. मासे हवे तेवढे."

"आणि तिथे बघायचं काय?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"संध्याकाळी समुद्र बघायचा, आजी."

"आणि सकाळी?"

"सकाळी दुसऱ्या बाजूचा."

सासूबाई खूश झाल्या. आपली उशी आणि आपलं बुटकं स्टूल न्यायचंच, असा त्यांनी हट्ट धरला. "स्टूल तिथेही असेल हो," हॅलोताई म्हणाल्या. "असेल, पण माझ्या गुडघ्यांची आणि त्याची ओळख आहे का?"

यजमान कोरडेपणाने सगळं ऐकत होते. एकदा न राहवून त्यांनीच फोन हातात घेतला. "तुमच्याकडे घड्याळं दुरुस्त करणारा कुणी आहे का?"

"इथे घड्याळ बघतं कोण? बोट भोंगा वाजवत येते, तेवढं पुरतं."

त्यांचा चेहरा पडला. जन्मभर लोकांची वेळ सांभाळलेला माणूस तो. पण जेवताना ते एकदम म्हणाले, "घड्याळाशिवाय चालणारं गाव! छे, हे बघायलाच हवं."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन मुलांच्या झोक्यावर बसू लागले. समुद्राची सवय व्हावी म्हणून. आधी हळूहळू, मग डोळे मिटून, मग पेपर वाचत वाचत. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "काय हो, पुन्हा लहान झालात?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा झोका न थांबवता त्यांनी उत्तर दिलं, "बोटीची तालीम चाललीय!"

निघायच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि बोट रद्द झाली. बांधलेल्या बॅगा दाराशी तशाच राहिल्या. हॅलोताईंचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई मात्र बॅग उघडू देईनात. पुढची बोट सुटेपर्यंत त्या उशीशिवाय झोपल्या. "एकदा काढली की ती पुन्हा आत मावायची नाही," म्हणे.

बोट सुटली आणि झालं भलतंच. यजमान नावाड्याशेजारी बसून इंजिनाची चौकशी करत होते. सासूबाई आपल्या स्टुलावर राणीसारख्या बसून अंगावर पाणी उडालं की खिदळत होत्या. आणि हॅलोताई, ज्यांनी हा सगळा घाट घातला, त्या पिशवीत तोंड घालून बसल्या होत्या. त्यांची तालीम कुणी घेतलीच नव्हती.

धक्क्यावर उतरल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. समोर एक बारीकशी, पिकल्या केसांची बाई छत्री धरून उभी. त्या खणखणीत आवाजाची बाई उंचपुरी, थोराड असणार असं हॅलोताईंनी मनाशी पक्कं केलं होतं. ही तर त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"आलात?" सिस्टर म्हणाली.

"आलो. तुम्ही बऱ्या आहात ना?"

इतकी वर्षं फोनवर अखंड बडबड करणाऱ्या दोघी लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्यांसारख्या हसून जमिनीकडे बघत राहिल्या. सिस्टरच्या घरी चहा झाला, जेवण झालं, सासूबाई एकट्याच बोलत होत्या. हॅलोताईंना रडूच कोसळायचं बाकी होतं. मनात आलं, उगाच आलो. लांबून होतं तेच बरं होतं.

सकाळी सिस्टर घरोघरचे पेशंट बघायला फेरीवर निघाली, तेव्हा जायचं म्हणून हॅलोताईही निघाल्या. माडांमधून जाणारी पायवाट एका माणसापुरतीच होती. सिस्टर पुढे, हॅलोताई मागे. समोर नुसती पाठ आणि खांद्यावरची औषधांची पिशवी. थोडं चालून झाल्यावर पुढून आवाज आला, "त्या तुमच्या हॉस्पिटलातल्या मेट्रन गं, अजून शिंकून झोपलेले पेशंट उठवतात का?"

तोच आवाज. "अगं, परवा तर भुलीतला उठवला!" असं म्हणून हॅलोताईंनी जी सुरुवात केली ती केसपेपरची खिडकी, यजमानांचा झोका, सासूबाईंची उशी असं करत थांबेचना. सिस्टरही मागे वळून न बघता हसत होती, सांगत होती, मध्येच "पायाखाली बघ, मूळ आहे" म्हणत होती.

बऱ्याच मागून एका म्हाताऱ्या नावाड्याची हाक आली. पायाला पट्टी बांधून तो ओट्यावर बसला होता.

"अहो सिस्टर, माझं घर मागे राहिलं!"