दोरीवरची पुस्तकं

घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येतो आणि ते ओढून पाहतो, असा मी माणूस. त्यामुळे शाळेच्या वाचनालयाचं काम खरं तर माझ्याकडे यायलाच नको होतं. पण सत्तरच्या दशकात, हसनाबादच्या पुढच्या एका गावात मास्तर असताना, ते मी स्वतः मागून घेतलं.

वाचनालय म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. किल्ली त्यांच्या करदोड्याला. वर्षातून एकदा, तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं, झुरळं पळायची आणि पुन्हा बंद व्हायचं. किल्ली माझ्या हातात देताना हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, पोरायच्या हाती पुस्तक गेलं की ते गेलंच समजा. एक बी कमी भरलं तर कपाटाला पुन्हा कुलूप. बराबर?"

मी व्हरांड्यातल्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि धुणं वाळत घालावं तशी पुस्तकं तिच्यावर टाकली. उंची अशी की पहिलीतल्या पोराचाही हात पोचावा. शनिवारी सकाळी मी एक गोष्ट अर्धीच सांगायचो आणि उरलेली दोरीवर आहे म्हणून उठून जायचो. ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं चिठ्ठीवर एक ओळ लिहून ती आत ठेवायची. 'यातला वाघ भित्रा आहे' एवढ्या चिठ्ठीमुळं एक पुस्तक दोन महिने दोरीवर टिकलं नाही. एका मुलीचा बाप मात्र विचारायला आला, की असलं वाचून पोरी घरात उलट तर बोलणार नाहीत ना. त्यालाही मी एक पुस्तक दिलं. त्यानं ते घेतलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी पुस्तकं घरी नेली, वर्तमानपत्राची कव्हरं घातली, गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवली आणि आतला नंबर बघून वर शाईनं लिहिला. तीन दिवस बोटं चिकट होती. शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांनी तपासणीचं पत्र आलं, म्हणून एका शनिवारी यादी घेऊन बसलो. एक पुस्तक कमी. घरच्या घरी करायच्या प्रयोगांचं, वहीएवढं पातळ. ते दोरीवर नव्हतं आणि पोरांनी घरी नेलेल्या पुस्तकांच्या यादीतही नव्हतं. हेडमास्तरांना ते जणू आधीच ठाऊक होतं. "सोमवारपर्यंत बघा," म्हणाले, "न्हाई तर किल्ली द्या."

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. सातवीतली एक मुलगी, गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतली. दिवाळीआधी तिनं ते पुस्तक दोरीपाशी उभ्यानं वाचलं होतं आणि दोनदा मागितलं होतं. तसं ते आणखी चौघांनी मागितलं होतं. त्यांची नावं मला का आठवली नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी शेतकऱ्याच्या घरातला, शिकलेला, या बाबतीत स्वतःला अगदी स्वच्छ समजणारा. तरी भरल्या वर्गात मी तिचीच पिशवी मागितली.

पिशवीत पाटी, दोन वह्या आणि दोरीवरून रीतसर नेलेलं एक जाडजूड प्रवासवर्णन. त्याच्यावरचा नंबर बघून मी ते बाजूला ठेवलं. पिशवीच्या तळाशी हातही फिरवला.

"मी न्हाई घेतलं, गुरुजी," ती म्हणाली.

"मग कुठं गेलं?"

तिनं प्रवासवर्णनासकट सगळं सामान परत पिशवीत भरलं. मला तिचं गप्प राहणंही कबुलीसारखं वाटलं.

सोमवारी प्रार्थनेआधी ती माझ्या टेबलापाशी आली. जाड प्रवासवर्णन शेवटच्या पानावर उघडून समोर ठेवलं. "काल दिवसभर वाचून सरवलं," ती म्हणाली. "ह्याच्या कव्हरात दुसरं पुस्तक हाय."

मागच्या पुठ्ठ्याला लागून, एकाच वर्तमानपत्राच्या घडीखाली, ते पातळ पुस्तक चिकटलेलं होतं. माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हिनंच रविवारी घरी बसून चिकटवलं असणार, असं मला वाटलं. मी खळीची कड नखानं उचलली. आतून वर्तमानपत्राचं शब्दकोडं निघालं, अर्धं सोडवलेलं, अक्षर माझं. दोन्ही पुस्तकं एकात एक ठेवून मीच ती घडी चिकटवली होती. शनिवारी ते पुस्तक खरंच तिच्या पिशवीत होतं, माझ्या हातात होतं. तेव्हा मी शेवटचं पान उघडलं असतं तर ती जन्मभराची चोर ठरली असती.

आणि सबंध शाळेत ते जाड पुस्तक शेवटपर्यंत दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही.

हेडमास्तरांनी किल्ली माझ्याकडेच राहू दिली. वर्गापुढं मी चूक माझी होती असं सांगितलं, शब्दकोडं दाखवलं. पोरं हसली, मीही हसलो. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या शनिवारी पुस्तकं दोरीवर टाकल्यावर ती आली. दोरीकडे न जाता आधी माझ्यापाशी आली आणि पिशवी टेबलावर उलटी केली. पाटी, वह्या, बोरं बाहेर पडली.

"अगं, त्याची काही गरज नाही," मी म्हणालो.

"असू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "आधी बघून घ्या, मंग मी हात लावते."

सातवी संपेपर्यंत ती दर शनिवारी तसंच करत राहिली.