अर्ध्यावर सोडलेली वाक्यं

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या बाजारात ब्रीद लॅफीचं लोकरीचं दुकान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा धाकटा भाऊ कोल्म डब्लिनचा नामांकित नाटककार. त्याच्या नाटकात कुणी वाक्य पुरं करत नसे. मनातलं ओठांशी आलं की पात्रं हवापाण्याचं काहीतरी बोलत आणि गप्प होत. त्या गप्प बसण्यावर समीक्षक पानंच्या पानं लिहीत. ब्रीदला हसू येई. "आमच्या घरात सगळे असेच बोलायचे," ती गिऱ्हाइकांना सांगे, "ह्याचं मात्र त्यावर नाव झालं!"

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याने तिला पुढच्या रांगेत बसवलं. दुसऱ्या अंकात एका बाईचा मुलगा अमेरिकेला निघतो. बाई विचारते, "लोकरीचे मोजे घेतलेस ना?" मुलगा म्हणतो, "हो." मग बराच वेळ कुणीच बोलत नाही. मागे कुणीतरी हुंदका दिला. ब्रीदचा मुलगा ओइन बॉस्टनला निघाला तेव्हा ती अगदी हेच बोलली होती. कोल्म तेव्हा तिथेच चुलीपाशी पाइप ओढत बसला होता.

पडदा पडताच ती तडक रंगमंचामागे कोल्मकडे गेली.

"मला विचारलंस का रे?"

"काय विचारायचं? मोज्यांचं?"

"दात काढू नकोस. मला तेव्हा काय म्हणायचं होतं, ठाऊक होतं तुला?"

"ते ठाऊक असतं, तर मी कशाला..." तो थांबला.

"पुरं कर की! जन्मात एक वाक्य तरी पुरं कर!"

कोल्मचा चेहरा उतरला. "नाही जमत मला, ब्रीद. तुला जमतं?"

ती घरी परतली, पण चित्त थाऱ्यावर येईना. दुकानात निळी लोकर मागितली की हिरवी काढून देई. बोलता बोलता मध्येच थबके, आपण आत्ता काय गिळलं ते शोधत राही. शेवटी एका दुपारी दुकान उघडं टाकून ती पोस्टात गेली आणि बॉस्टनचा फोन जोडून मागितला.

"आई? कोण गेलं?" ओइन घाबरून म्हणाला.

"कुणी नाही. ऐक. तू जायला नको होतंस. मला राग आला होता, अजून आहे."

मग तो म्हणाला, "मला वाटलं, मी गेलेलंच तुला हवंय. तू थांब म्हणाली नाहीस. मी बसच्या पायरीवर त्याचीच वाट बघत उभा होतो ना, आई!"

त्याच ऑगस्टमध्ये ब्रीद बॉस्टनला गेली. मायलेक पहिल्याच जेवणाला असे भांडले, की शेजारीण दार ठोठावून गेली. ओइन काही परतला नाही. तिलाही तिथे करमेना, गॉलवेतही करमेना. मात्र त्यानंतर दर ख्रिसमसला ती तिकडे जाई, आणि निघताना विमानतळावर त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडे.