मोजणीत न आलेले साडेपाच हजार

सूर्य टेकला की चंदाच्या घरी बोलणं बंद व्हायचं. चुडाव्याच्या शिवारात वाघूर लावलेली असायची, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, आणि तिच्या तोंडाशी दोन माणसं समोरासमोर उभी राहायची. एका बाजूला वडील दत्तराव, दुसऱ्या बाजूला चंदा. मेंढरं मधून आत जायची आणि दोघंही मनातल्या मनात मोजायची. शेवटचं मेंढरू आत गेलं की दोघांनी एकदम आकडा सांगायचा. जुळला तर भाकरी. नाही जुळला तर सगळा कळप परत बाहेर आणि मोजणी पहिल्यापासून. सात वर्षांची असल्यापासून तिनं हे केलं. न जुळणारा आकडा तिच्या घशाखाली उतरत नाही, तो तेव्हापासून.

आज ती चौतिशीची आहे. सकाळच्या गाडीनं परभणीला येते आणि वसमत रोडवरचं एक शटर वर ढकलते. आत मेंढपाळ मंडळाचं कार्यालय. झाडलोट तिची, पत्रव्यवहार तिचा, आणि मंडळाची वेबसाइटही तिचीच. दत्तरावांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली. आजारी मेंढी कशी उभी राहते, कान कसे टाकते, चरता चरता मागं कशी पडते, हे त्यांनी सांगायचं. चंदानं लिहायचं, जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि वेबसाइटवर चढवायचं. चार वर्षांत अशी सत्तर पानं झाली. ज्या माणसाला स्वतःची सही करता येत नाही, त्याची सत्तर पानं.

आणि ती वेबसाइट बंद होणार होती. मंडळाचे अध्यक्ष बन्सीधरराव यांनी गुरुवारी तिला समोर बसवून सांगितलं, की सोमवारच्या बैठकीत ठराव येतोय, वेबसाइट बंद करू आणि त्याऐवजी दिनदर्शिका छापू. बन्सीधरराव काही वाईट माणूस नव्हेत. पण चार वर्षांत त्या वेबसाइटवरून ना कुणाचा फोन आला, ना पत्र.

"चंदाबाई, रिकाम्या रानात हाळ्या मारण्यात काय मतलब हाय?" ते म्हणाले. "कुणी ऐकायलंय असं दाखव, मी ठराव माघारी घेतो."

रंगभूमीवर उभं राहणाऱ्या माणसाची हीच दशा असते. उजेड त्याच्यावर, आणि समोर गच्च काळोख. तिथं पाचशे माणसं बसलीत की पाच खुर्च्या, हे त्याला कळतं ते एखाद्या खोकल्यावरून, एखाद्या हुंदक्यावरून. चंदाला तर तेवढंही नव्हतं.

मग तिला आठवलं, की वेबसाइटच्या मालकासाठी गुगलकडं एक दालन असतं. लोकांनी काय शब्द टाकून शोधलं, आपलं पान त्यांना किती वेळा दिसलं आणि त्यातून किती वेळा उघडलं गेलं, याची नोंद तिथं असते. वेबसाइट सुरू करताना तिनं ते एकदा उघडलं होतं आणि वरखाली जाणारी निळी रेघ पाहून घाबरून बंद केलं होतं. शुक्रवारी सकाळी तिनं ते पुन्हा उघडलं.

समोर आले ते फक्त तीन महिने. मुदत वाढवून पाहिली तर सोळा महिन्यांपर्यंत गेली, त्याच्या पलीकडं नाही. रोज पुढं एक दिवस चढतो आणि मागचा एक दिवस गळून पडतो. म्हणजे अडीच वर्षांहून जास्त नोंद आधीच गळून गेली होती. शिवाय यादीत एका वेळी हजारच ओळी मिळत होत्या. तेव्हा तिनं एकेक महिना वेगळा काढला, प्रत्येकाची फाइल उतरवून घेतली आणि सोळाही फायली एका तक्त्यात एकाखाली एक लावल्या.

मग ती वाचायला लागली, आणि वाचता वाचता खुर्चीत सरळ होऊन बसली.

मेंढी चारा खात नाही. मेंढीचे पोट फुगले काय करावे. खूर सडले. पावसात मेंढ्या खोकतात. जुळ्या कोकरांतले एक आई पिऊ देत नाही. विजेच्या आवाजाने मेंढी गाभडते का. कुणी शुद्ध लिहिलं होतं, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी, कुणी तर बोलल्यासारखं सरळ, की मेंढी उठत नाही लवकर सांगा. गेल्या वर्षीच्या आषाढात ती निळी रेघ एकदम वर उसळली होती आणि पंधरा दिवस खाली आली नव्हती. त्या पंधरा दिवसांत सगळीकडून एकच विचारणा, मेंढीचे तोंड सुजले. चंदाला ते दिवस पक्के आठवत होते. तिच्याच घरच्या कळपातली अकरा मेंढरं तेव्हा गेली होती. तिला वाटलं होतं, हे दुखणं आपल्याच दारी आलं. आणि त्याच दिवसांत ही सगळी माणसं आपापल्या रानात मोबाइल धरून उभी होती, आणि तिच्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलेलं वाचत होती. तिनं पडद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

पण सवय सुटते थोडीच. दुपारी तिनं बेरीज केली आणि तिथंच अडली. पान उघडल्याची वरची एकूण संख्या होती नऊ हजार सहाशे चाळीस. ओळींची बेरीज भरली चार हजार एकशे अठरा. साडेपाच हजारांहून जास्त गायब.

आपल्याकडूनच काही सांडलं, असंच तिनं धरलं. सोळा फायली पुसल्या, पुन्हा उतरवल्या. तोच आकडा. शनिवारी आठवड्या-आठवड्यानं काढून पाहिल्या. फरक जागचा हलला नाही. शेवटी तिनं मदतीचं पान शब्द लावून वाचलं तेव्हा उलगडा झाला. जो प्रश्न अगदी थोड्याच लोकांनी विचारलेला असतो, तो गुगल यादीत दाखवत नाही, विचारणारा ओळखू येऊ नये म्हणून. एकूण संख्येत तो धरतात, यादीत मात्र येऊ देत नाहीत.

रविवारी तिनं हे दत्तरावांना सांगितलं. मंडळात अहवाल उभं राहून मोठ्यानं वाचायची रीत आहे, कारण निम्म्या सभासदांना वाचता येत नाही; आणि ऐकणारे सगळे आयुष्यभर मेंढरं मोजलेले. हा फरक ते पकडणार. तिच्या मनात आलं होतं, की वरची संख्या गाळावी आणि जुळतं तेवढंच वाचावं. चार हजारही काही थोडे नव्हेत.

दत्तराव दोर वळत होते. ते थांबले नाहीत.

"दिसत न्हाई म्हणून जित्राब कमी धरतेत का?" एवढंच म्हणाले.

सोमवारी नऊ सभासद सतरंजीवर बसले. चंदानं वाचायला सुरुवात केली. आधी वरची संख्या, मग प्रश्न, एकामागून एक. पहिल्या दहा प्रश्नांपर्यंत कुणी चुना मळत होतं, कुणी बाहेर पाहत होतं. विसाव्या प्रश्नाला चुना मळणारा हात थांबला. त्यांच्याच रानातली दुखणी, त्यांच्याच तोंडची भाषा, कुठल्या कुठल्या मुलखातून आलेली, एकट्या बाईच्या आवाजात त्या खोलीत उतरत होती. बन्सीधररावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

वाचन संपलं आणि तात्याराव बोलले. मंडळात खोड काढावी तर तात्यारावांनीच. ते बोटांच्या पेरांवर बेरीज करत बसले होते.

"वर साडेनऊ हजार, आन् खाली चार. मधातले कुठं चरायला गेले?"

दोघं-तिघं हसले. बन्सीधररावांचा चेहरा पडला. न जुळणारी मोजणी त्यांनाही मान्य होण्यासारखी नव्हती.

चंदानं कागद खाली केला. "तात्या, ते हायेत. आपल्याला दिसत न्हाईत, एवढंच." आणि मग तिनं साध्या शब्दांत सांगितलं. यादीत आलेत ते चारचौघांसारखे प्रश्न. बाकीचे आपल्याच शब्दांत विचारलेले, दुसऱ्या फारशा कुणी न विचारलेले. म्हणून ते झाकलेत. काय विचारलं ते मलाही कळणार नाही.

"जे दाखवता येत न्हाई ते मोजू कसं?" तात्याराव म्हणाले. "उद्या मी बी म्हणीन माझे पाचशे मेंढरं हायेत, पण झाकलेत."

बन्सीधररावांनी ठरावाचा कागद हातात घेतला.

तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या केवळाबाई पुढं सरकल्या. सत्तरीच्या. चौथी शिकलेल्या, पण मेंढरांच्या औषधात चार गावं त्यांच्याकडं येतात. मंडळात त्या सहसा बोलत नाहीत.

"त्यातला एक माझा हाय," त्या म्हणाल्या.

सगळे वळले.

"गेल्या श्रावणात मेंढ्याला दोनदा औषध पाजलं मी. सकाळी पाजलेलं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई, दुपारला अजून पाजलं. मेंढा लागला थरथरायला. सारं गाव मला इचारायला येतंय. मी कुणाला इचारू? शरम वाटायली." त्यांनी पदर सावरला. "त्या मोबाइलातच बोलले, बाबा माझ्या हातून असं झालंय. तर ह्या पोरीचं पान निघालं. सावलीला बांधा, पाणी ठेवा, अजून काहीच पाजू नका, डॉक्टरला फोन करा. आन् खाली लिहिलेलं, लाजू नका, माझ्याबी हातून झालंय. दत्तूचा आवाज वळखला मी."

ती शेवटची ओळ डॉक्टरांनी खोडायला सांगितली होती. ती राहू दे, असा दत्तरावांनी हट्ट धरला होता.

"मेंढा?" बन्सीधररावांनी विचारलं.

"हाय की. तुमाला मारायला आलता ना पोळ्याला, तोच."

खोलीत हसू फुटलं आणि लगेच विरलं. प्रत्येक जण त्या न दिसणाऱ्या साडेपाच हजारांकडं पाहत होता. एकेक वेळ म्हणजे एकेक असं गुपित, कुणाला सांगता न आलेलं. काळोख्या प्रेक्षागारात अचानक दिवे लागावेत आणि खुर्चीन् खुर्ची भरलेली निघावी, तसं चंदाला झालं.

बन्सीधररावांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात टाकला. इतिवृत्तात त्यांनी लिहायला लावलं, की वेबसाइट चालू ठेवावी आणि दर महिन्याची यादी महिना गळायच्या आत उतरवून ठेवावी.

माणसं उठली, चपला शोधू लागली. तात्याराव मागं रेंगाळले. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी, दुसऱ्याच कुणासाठी विचारावं तसं विचारलं, की बोलून विचारलं तर माणसाचं नाव खरंच कळत नाही ना.

"मंडळाला कळत न्हाई, तात्या. मलाबी न्हाई."

त्यांनी मान डोलावली आणि बाहेर पडले. सगळ्यांपासून लांब, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. खिशातून मोबाइल काढला, तोंडाजवळ धरला आणि खाली वाकून हळू आवाजात बोलू लागले. चंदा दारातून आत सरकली.