निवट्यांचा डबा

माझं अक्षर वाकडं आहे. चौथीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या.

नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी आई आजारी पडली. तिच्याकडे बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पेणकडच्या गावाहून मी तिला वर घाटावर, एकलहऱ्याला माझ्या घरी आणलं. तिने अन्न टाकलंच होतं. एकदा म्हणाली, "निवट्या मिळतील का गं बाय? ताज्या."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. ओहोटीला बिळातून वर येतो, डोळे वटारून चिखलावर उड्या मारतो. आई बिळात कोपरापर्यंत हात घालून धरायची. मी घर सांभाळायचे, चिखलात कधी उतरले नाही. आमच्यात निवटी जिवंतच आणतात, राखेत घोळवून कापतात. मेलेली कोणी शिजवत नाही.

शेजारच्या ताईंकडून दीडशे रुपये उसने घेऊन मी एसटीने गावी गेले. चुलतीने निवट्या धरून दिल्या. डब्यात ओला चिखल घालून वर फडकं बांधलं.

येताना गाडीत निवट्या फडक्यावर थाडथाड आपटत होत्या. चिखलाचा वास सुटला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बेडकांचं तिकीट काढलं का?" सगळी गाडी हसली. मला वर बघवेना. कसाऱ्याला गाडी थांबली तशी उतरले, डबा नळाखाली काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट लावलं. मासाच तो, पाण्यात निवांत राहील असं वाटलं. आवाज थांबलाही.

घरी झाकण काढलं तर सगळ्या तळाशी निपचित.

आईने बोट घालून पाहिलं. "पाणी भरलंस होय? अगं, निवटीला वारा लागतो. बुडून मेल्या." मग हसली. "खाडीवरची पोर तू, आणि मासे बुडवलेस!" हसता हसता खोकला आला. "मांजराला घाल," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. गाडीतले लोक हसले म्हणून मी झाकण लावलं, हे मला सांगता आलं नाही. नवव्या दिवशी ती गेली.

साड्यांना फॉल लावून मी ताईंचे पैसे थोडे थोडे देत राहिले. शेवटचे वीस रुपये दिले तेव्हा त्यांनी विचारलं, "आईने खाल्ले ना गं मासे?"

मी म्हटलं, "हो ताई, पोटभर."

त्यांनी नोट ब्लाउजमध्ये ठेवली. "चला, फिटले सगळे," म्हणाल्या.