फोटोची बाजू खाली

कचेरीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. पार्किंग खात्यात लागला त्या पहिल्याच महिन्यात त्याने खात्याच्या मोठ्या साहेबांच्या गाडीला चिठ्ठी लावली होती, कारण मागचं चाक पांढऱ्या रेषेवर चार बोटं चढलं होतं. साहेब निमूट चिठ्ठी खिशात घालून गेले. तेव्हापासून तेवीस वर्षं हा गडी नाकासमोर चालत आला होता, आणि इतर कुणी इकडेतिकडे पाऊल टाकतंय का हे डोळ्यांत तेल घालून पाहत आला होता.

अपंगांसाठी राखलेल्या निळ्या चौकोनांवर त्याचा विशेष जीव. त्याचा थोरला भाऊ जन्मभर कुबड्या घेऊन फिरला होता, त्यामुळे धडधाकट माणसं आजारी सासऱ्याचं कार्ड काचेमागे टाकून खुशाल बाजारहाट करतात याची त्याला मनापासून चीड यायची. ते कार्ड गाडीचं नसतं, माणसाचं असतं. ज्याचं कार्ड तो माणूस स्वतः गाडीत हवा, मग चौकोनात कितीही वेळ गाडी उभी करा, कुणी विचारणार नाही. काचेमागे ठेवताना नंबर आणि मुदतीची तारीख वर, फोटोची बाजू खाली. माणूस गेला की घरच्यांनी कार्ड खात्यात जमा करायचं. आणि गैरवापराचा संशय आला तर तपासनिसाने ते जागच्या जागी काढून घ्यायचं. या शेवटच्या नियमाने फूटपट्टीने आजवर साठएक कार्डं काढून घेतली होती, आणि एकदाही तो चुकला नव्हता.

नकाशा कचेरी चढावर आहे. तिच्या दारातल्या निळ्या चौकोनात एका सकाळी एक लाल गाडी येऊन थांबली आणि तिथेच नोकरीला असलेली पस्तिशीची एक बाई उतरली. गोल चेहरा, लांब वेणी, काखेत नकाशांची गुंडाळी, आणि कानाला लावलेल्या फोनवर कुणाशी तरी हसणं चाललेलं. फूटपट्टीने कार्ड मागितलं आणि उलटून पाहिलं. फोटोतल्या बाईची गालफडं बसलेली होती आणि डोक्यावर केस जेमतेम बोटभर.

"हे कार्ड कुणाचं?"

"माझंच आहे की."

"आणि फोटो?"

"तोही माझाच. तेव्हा वाळले होते, आता औषधांनी फुगलेय. का, आधीची बरी होते का?"

थट्टा फूटपट्टीला कधीच सोसली नव्हती. त्याने पावतीपुस्तक काढलं. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

"साहेब, माझी फुप्फुसं कामातून गेलीत. पन्नास पावलं चढले की धाप लागते."

"आत्ता तर हसत होतात."

"हसायला चढ चढावा लागत नाही हो," ती म्हणाली.

त्याने पावती फाडून दिली आणि कार्ड ठेवून घेतलं. चौकशी होईल, खरं असेल तर परत मिळेल, हेही सांगितलं. साठ जणांना सांगितलं होतं तसंच.

चौकशीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला सहा आठवडे लागले. निकाल आला तो एका ओळीचा. कार्ड तिचंच, फोटो तिचाच, आजार खरा. ज्याने कार्ड घेतलं त्याने आठ दिवसांच्या आत ते स्वतः नेऊन द्यावं आणि दिलगिरी व्यक्त करावी.

दिलगिरी या शब्दापाशी फूटपट्टीचं घोडं अडलं. तेवीस वर्षांत त्याने कुणाची माफी मागितली नव्हती. बायकोचीही नव्हती, आणि बायको ते अधूनमधून बोलून दाखवायची. कार्ड शर्टाच्या खिशात घालून तो हिंडू लागला. आज नको, उद्या. पाचव्या दिवशी तो चढाच्या रस्त्याला गेला तेव्हा लाल गाडी पार खाली, मैदानाच्या कडेला उभी होती. ती बाई अर्ध्या चढावर एका बुटक्या भिंतीवर बसली होती. नकाशांची गुंडाळी मांडीवर, तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते. त्याला वाटलं, आत्ताच जाऊन द्यावं. पण माणसं येत-जात होती, आणि चारचौघांत काय बोलायचं ते सुचेना. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने निघून गेला.

आठव्या दिवशी, म्हणजे नियमाला धरूनच, तो तिच्या घरी गेला. दार आईने उघडलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. तिने त्याच्या अंगावरचा गणवेश पाहिला आणि स्वतःच बोलायला लागली.

"कार्ड न्यायला आलात ना? परवा गेली हो ती. जायचीच होती, डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. तुमच्या लोकांना इतक्या लवकर कळतं तरी कसं? बसा. माणूस गेलं की जमा करायचं असतं, ठाऊक आहे मला. तीच सांगायची. कुठंय ते बघते."

आणि ती शोधू लागली. त्याच्यासमोर तिने टेबलाचे तिन्ही खण काढले, लेकीची पर्स खाटेवर उलटी केली, कोटाचे खिसे बाहेर ओढले, पुस्तकं एकेक करून झटकली. मध्येच एका कोटात तोंड खुपसून ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि पुन्हा शोधायला लागली. फूटपट्टीच्या खिशातलं कार्ड छातीला टोचत होतं. तळहाताएवढी ती वस्तू बाहेर काढायची आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच तर काम. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"राहू द्या, बाई. मिळालं की कळवा."

तिने त्याचे आभार मानले. ते त्याला फार लागलं.

खात्याचा कारभार असा, की जमा न झालेल्या कार्डासाठी दर तीन महिन्यांनी मशीनमधून आपोआप पत्र निघतं, आणि त्यावर सही त्या भागाच्या तपासनिसाची. म्हणजे याचीच. पत्र थांबवायचं तर कार्ड जमा करून नोंदवहीत लिहायला हवं, आणि नोंदवहीत एक रकाना असतो : कोणाकडून मिळाले. खोटं लिहायला त्याचा हात धजत नव्हता. खरं लिहायलाही धजत नव्हता. मग पत्र गेलं. 'आपल्या कन्येचे कार्ड अद्याप जमा झालेले नाही.' खाली त्याची सही.

चार दिवसांनी फोन आला. "साहेब, मी बोलतेय. अजून सापडलं नाही. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा पाहिले. रागावू नका." दुसऱ्या पत्रानंतर पुन्हा फोन. तेव्हा तिने गादी उसवून पाहिली होती.

फूटपट्टीचं जेवण तुटलं. कार्ड खणात ठेवलं तर खण उघडायची भीती, खिशात ठेवलं तर ती बाई बरोबर हिंडायची. गाड्या तपासताना आधी त्याला फक्त नंबर दिसायचे. आता प्रत्येक काचेमागे, कार्डाच्या खालच्या बाजूला, अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला एक चेहरा त्याला जाणवायचा. मैदानापासून नकाशा कचेरीपर्यंतचा चढ तो रोज चढू लागला. तीनशे चाळीस पावलं. बुटक्या भिंतीपाशी आला की पाठीमागून कुणीतरी धाप टाकत येतंय असं वाटायचं. तो थांबला की तेही थांबायचं. एकदा तर त्याने मागे न बघताच बाजूला सरून वाट दिली. बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय तरी काय? परवा झोपेत कुणाला तरी म्हणत होता, बसा म्हणून." त्याने तिलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या पत्रानंतर फोन आला नाही. आई स्वतः कचेरीत आली. दोन जिने चढून दमली होती. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर सरळ केला.

"घर पालथं घातलं, साहेब. आता शोधायला जागाच उरली नाही. शेजारच्या मास्तरांनी हे लिहून दिलंय. कार्ड माझ्या हलगर्जीपणामुळे गहाळ झालं, मी जबाबदार आहे. यावर सही केली की पत्रं थांबतात म्हणे. थांबतात ना?"

थांबत होती. तसा नियमच होता. तिने सही केली असती तर रकाना भरावा लागला नसता, खण कायमचा बंद झाला असता आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. तिने पेन हातात घेतलं. चष्मा सारखा केला. फूटपट्टीने तिच्या पेनाच्या टोकाकडे पाहिलं आणि कागदावर आपला हात आडवा ठेवला.

"सही करू नका," तो म्हणाला. मग त्याने खण उघडला आणि कार्ड तिच्यासमोर ठेवलं, फोटोची बाजू वर.

तिने फोटोवरून बोट फिरवलं. "कुठं सापडलं?"

"हरवलंच नव्हतं. मीच काढून घेतलं होतं. तिचं नाही असं वाटलं मला. ती जायच्या दीड महिना आधी. परत द्यायचा हुकूम आला, तरी आठ दिवस घेऊन हिंडलो. तुमच्या घरी आलो तेव्हाही खिशात होतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "माझं चुकलं, बाई."

तो शब्द आला एकदाचा. आईने तो ऐकला की नाही कोण जाणे. ती मनातल्या मनात दिवस जुळवत होती.

"दीड महिना," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तेव्हा तिच्याकडे नव्हतंच हे." आणि फोटोवरचं बोट न उचलता, "चष्मा विसरली म्हणून एकदा द्यायला गेले होते. गाडी खाली मैदानाशी. म्हटलं, दारात जागा आहे, कार्ड आहे, मग एवढ्या लांब का लावतेस? म्हणाली, चाललेलं बरं असतं, आई. मग रोज संध्याकाळी बोलायचे मी तिला. लाज वाटते का तुला अपंग म्हणवून घ्यायची, म्हणून. शेवटच्या दिवशीही बोलले."

फूटपट्टीने नोंदवही पुढे ओढली. 'कोणाकडून मिळाले' या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि नावापुढे घेतल्याची तारीखही लिहिली. कार्ड रद्द करायचं तर त्याला भोक पाडावं लागतं. त्याने यंत्र चेहऱ्यापासून दूर, अगदी कोपऱ्यात लावलं आणि दाबलं. नियमाने कार्ड खात्याकडेच राहायला हवं होतं. ते त्याने तिच्या हातात दिलं.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"आता पत्र नाही ना यायचं?"

"नाही."

"येत होतं तेव्हा बरं होतं," ती म्हणाली. "रोज तिच्या वस्तूंत हात घालायला काहीतरी कारण तरी होतं."

जिन्यावर तिची पावलं बराच वेळ वाजत राहिली. मधल्या वळणावर ती दम घ्यायला थांबली. फूटपट्टी उठून दारात गेला, आणि ती पुन्हा चालू लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.