डॉक्टरांची जर्मन काच आणि आमची विलायती

लढाईपूर्वीची गोष्ट. भाईंदरात आमच्या माहितीतले कॅमेरे दोनच. एक आमच्या ह्यांचा, विलायती भिंगाचा. दुसरा शेजारच्या डॉक्टरांचा, जर्मन भिंगाचा. दर रविवारी ओसरीवर वाद चाले, सरस भिंग कोणाचं? भिंगातलं दोघांनाही काही कळत नव्हतं, त्यामुळे वाद फारच विद्वत्तापूर्ण होई.

शेवटी परीक्षा ठरली. न्याय निःपक्षपाती हवा, म्हणून जागा एक, ऊन एक, माणूसही एकच. आम्ही दोन्ही जोडपी जवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो आणि बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला उभं केलं. आधी डॉक्टरांनी चाप दाबला, मग ह्यांनी.

"झाला का न्हाय?" म्हातारी ओरडली. "कावळा बोंबील नेतोय माजं!"

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरत. दोघांच्या काचा मुंबईच्या स्टुडिओत धुवायला गेल्या आणि तिथून फोटो आले, मागे ज्याचं त्याचं नाव घालून.

"माझ्यात बांबूची गाठ न् गाठ दिसतेय," डॉक्टर म्हणाले.

"गाठी मोजायच्यात का?" हे म्हणाले. "माझ्यात चेहऱ्याचा मऊपणा बघा!"

"वहिनी, तुम्हीच सांगा. अगदी तटस्थपणे."

मला ह्याच घरात नांदायचं होतं. मी तटस्थपणे ह्यांचा निवडला. डॉक्टरीणबाईंनी तितक्याच तटस्थपणे डॉक्टरांचा. मग बाईंनीच दोन्ही फोटो शेजारी धरले.

"अहो, पण उडणारा कावळा दोन्हीत तोच कसा? पंखसुद्धा तसाच वर?"



दोघे तडक स्टुडिओत गेले. "एका काचेला उजेड लागला, साहेब," स्टुडिओवाला म्हणाला. "तुम्ही नाराज व्हाल म्हणून दुसरीचेच दोन काढले. एक चकचकीत कागदावर, एक खरबरीत."

"वाचलेली काच कोणाची?"

"ते आता कसं सांगणार?"

मला वाटलं, वाद मिटला. वेडीच मी! घरी पोचेपर्यंत दोघांचीही खात्री झाली होती की वाचलेली काच आपलीच. एवढं सुंदर काम दुसऱ्याच्या भिंगाला झेपणंच शक्य नाही. एक फोटो आमच्या भिंतीवर लागला, दुसरा दवाखान्यात.

म्हातारीची आठवण कोणालाच नव्हती. मी तिसरी प्रत काढवून उत्तनला नेऊन दिली. तिनं ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

"कोनी काडलाय?"

"त्यावरच भांडण चाललंय," मी म्हटलं.

"भांडू दे," ती म्हणाली आणि फोटो पदराखाली घेऊन घरात गेली.