आधी काम, मग फेटा

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला लेकीकडे मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा. ती सासऱ्यांना मामा म्हणते. "मावशी, मामा गेले…" एवढंच तिला बोलता आलं, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुणी सांगितलं?" मग माझी मलाच लाज वाटली. पण तो प्रश्न माझा नव्हताच, भाऊंचा होता. गावात कुणी म्हणालं, अमुक मंजूर झालं, तमुक रद्द झालं, की भाऊ चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कुणी सांगितलं?" आणि लगेच दुसरा, "सांगायचा अधिकार त्याला आहे का?" इतकी वर्षं शेजारी राहून तो प्रश्न माझ्याही जिभेवर बसला होता, आणि नको त्या वेळी बाहेर पडला.

भाऊ जन्मभर केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात होते. बाकीच्या खात्यांनी काय केलं ते तपासायचं, चुकलं असेल तिथे आक्षेप काढायचा, हे त्यांचं काम. नागपूर, दिल्ली, कुठे कुठे नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर मुलगा पुण्याला बोलावत होता, पण ते तेलगावच्या अलीकडे आमच्या गावी वहिनींना घेऊन परत आले, विहाराशेजारच्या वडिलांच्या जागेत दोन खोल्या बांधल्या आणि माझे शेजारी झाले. मी तेव्हा गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते ओट्यावर बसत. मी चिडवायची, "भाऊ, ऑफिस भरलं का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "भरलं, पण साहेब अजून आले नाहीत." सरकार कसं चालतं हे त्यांनी मला एकदा आमटीवरून समजावलं होतं. "बाई, एकत्र घरातली आमटी खारट झाली की सासू म्हणते, मीठ थोरलीनं घातलं. थोरली म्हणते, धाकटीनं. धाकटी म्हणते, मी तर सासूबाईंना विचारूनच घातलं. केंद्र, राज्य, जिल्हा, तिघी आपापल्या परीनं खरंच बोलतात. आमटी मात्र खारटच." मी म्हटलं, "आणि घरातले पुरुष?" "ते मुकाट जेवतात. ते म्हणजे आपण." आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

हसण्यावारी नेलेली ती आमटी पुढे आमच्याच पानात पडली. गावावरून जाणारा रस्ता महामार्ग झाला, चौपदरी. गाव या अंगाला, शाळा आणि गायरान त्या अंगाला. रस्त्याखालून एक बोगदा होणार, असं सगळे म्हणत होते. रस्ता झाला, दुभाजक झाला, रंगाचे पट्टेसुद्धा झाले. बोगदा तेवढा झाला नाही. माझी लेकरं दप्तरं सावरत त्या रस्त्यावरून पळत शाळेत यायची आणि सगळी आत येईस्तोवर मी फाटकात उभी. अशात एका सकाळी गयाबाईच्या मेंढरांत ट्रक घुसला. गयाबाई धनगराची, तिची नात माझ्याच शाळेत दुसरीला. मेलेल्या मेंढरांजवळ ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आज मेंढरं गेली. उद्या कुणाचा नंबर हाय?"

त्यानंतर महामार्गाचे अधिकारी गावात यायला कबूल झाले. आणि आमच्या गावाने काय केलं? सत्कार केला! आमच्याकडे पाहुणा आला की फेटा, शाल, नारळ. त्याशिवाय बसायला खुर्चीसुद्धा सरकवत नाहीत. सरपंच हौशी माणूस, त्यांनी बीडहून फेटा बांधणारा बोलावला होता. साहेबांना फेटा बांधला, फोटो झाले, भाषणं झाली, भजी झाली. साहेब भारावून म्हणाले, "एवढं प्रेम मला कुठे मिळालं नाही." आता आपणच फेटा बांधलेल्या माणसाला जाब विचारायचा कोणत्या तोंडाने? सगळे एकमेकांकडे बघत बसले. मीही बसले. धूळ उडवत गाडी गेली, तेव्हा गयाबाई मागून ओरडली, "आरं पर बोगद्याचं काहून इचारलं न्हाई कुणी?"

त्या संध्याकाळी भाऊंनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "यापुढे आधी काम, मग फेटा." सरपंच उसळले. "पाव्हण्याला बोडकं बसवायचं म्हंजी? भाऊ, लोकं तोंडात शेण घालतील आपल्या!" भाऊ म्हणाले, "तो पाव्हणा न्हाई, सरपंच. कामावर आलेला माणूस हाय. मीबी तसाच होतो जन्मभर." एरवी पुस्तकी बोलणारे भाऊ, पण मनातलं काही निघालं की बोली गावाची होई. मग कोपऱ्यातली तरणी पोरं म्हणाली, पुढच्या वेळी साहेबाला चांगल्या शिव्या घालू. भाऊंनी त्यांनाही दटावलं. "शिवी द्यायची नाही. शिवी दिली की साहेब रागावून निघून जातो, म्हणजे त्याची सुटका होते. त्याला पाणी द्या, सावलीत बसवा आणि एकच विचारा. हे तुमचं काम नसेल तर कुणाचं? त्याचं नाव सांगा, आणि आत्ता इथूनच फोन लावा."

पुढच्या खेपेला साहेब आले ते शाळेतल्या लिंबाखाली. हार नाही, फेटा नाही, माठातलं गार पाणी तेवढं. साहेब जरा गोंधळलेच. बोगद्याचा विषय निघताच म्हणाले, "जागा जिल्हा प्रशासनाने द्यायची आहे." भाऊ हात जोडून म्हणाले, "त्यांना फोन लावता का? आवाज मोठा ठेवा, सगळ्यांना ऐकू द्या." जिल्ह्याहून उत्तर आलं, जागा कधीच दिली, जुना गावरस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा, त्यांची संमती हवी. बांधकाम खात्याला फोन. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "संमती केव्हाच पाठवली. आता ती महामार्गाच्या साहेबांच्या टेबलावर आहे. त्यांनाच विचारा की!" …आणि ते साहेब तर लिंबाखाली फोन हातात धरून बसलेले. मग गयाबाई फिस्सकन हसली, पोरं हसली, आणि शेवटी साहेबही हसले. चांगल्या घरचा माणूस असावा. म्हणाले, "म्हणजे माझंच काम राहिलं." भाऊ म्हणाले, "राहिलं म्हणू नका. सापडलं म्हणा." शाळा सुटताना साहेबांनी एका लेकराचं बोट धरून तो रस्ता ओलांडला. पलीकडे पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

बोगदा व्हायला वेळ लागला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. भाऊ पाठपुरावा सोडत नव्हते, वहिनी म्हणायच्या, यांनी आता बोगद्याशीच संसार मांडलाय. मधल्या काळात त्या साहेबांची बदली झाली. बोगदा खुला झाला तेव्हा आलेल्या नव्या साहेबांसाठी सरपंच फेटा घेऊन तयार! भाऊंनी त्यांचा हात धरला. "ह्यांनी काय केलंय अजून? ज्यानं केलं, त्याचं त्यालाच मिळू द्या." जुने साहेब पुढे एका रविवारी बायको-मुलांना कपिलधारला दर्शनाला घेऊन आले होते, ते वाट वाकडी करून आमच्याकडे आले. गयाबाईच्या नातीने स्टुलावर चढून त्यांना फेटा बांधला, डोळ्यांवर येईल असा वेडावाकडा. साहेबांनी तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

ते गेल्यावर मी आणि भाऊ बोगद्यात उभे होतो. वरून गाड्या धडधडत होत्या, खालून लेकरं आरामात, रमत-गमत, एकमेकांच्या खोड्या काढत चालली होती. भाऊंनी चष्मा काढला. "बाई, जन्मभर आक्षेप काढले. कागदावर उत्तरं लई आली. पर असं चालत आलेलं उत्तर पयल्यांदा बघतोय…" आणि ते रडले. मी म्हटलं, "भाऊ, लेकरं बघतायत." म्हणाले, "बघू द्या की."

भाऊ गेल्यानंतरच्या जलदान विधीला सगळं गाव आलं होतं. कोणी म्हणालं, बोगद्याला भाऊंचं नाव द्या, कोणी म्हणालं, कमान उभारू. वहिनी म्हणाल्या, "त्यांना नाही आवडायचं," आणि विषय तिथेच थांबला. मला मात्र घरी आल्यावर चैन पडेना. शेजारचा ओटा रिकामा बघवत नाही. खरं सांगायचं तर मला राग येतो त्यांचा. आम्हाला भांडायची सवय लावली आणि स्वतः उठून गेले! आता कुणाचं काही अडलं तर विचारायचं कुणी, ही धास्ती माझ्या मनातून जात नव्हती.

गेल्या आठवड्यात बोगद्यातून येत होते. पावसाचं पाणी तुंबून घोटाभर चिखल झालेला. गयाबाई मेंढरं कडेला लावून मधोमध उभी, हातात आता मोठ्या झालेल्या नातीचा फोन, आवाज मोठा. पलीकडून कुणी कार्यालयातला माणूस सांगत होता की पाण्याचा निचरा त्यांच्याकडे येत नाही. "मग कुणाकडं येतो? त्येचं नाव सांगा," गयाबाई शांतपणे म्हणाली. माणसाने उलट विचारलं, "आपण कोण बोलताय? कोणत्या पदावर आहात?"

"पद न्हाई बाबा. म्या हितून रोज जाती."

मी चिखलात तशीच उभी राहिले, डोळ्यांना पदर लावून. मग तो माणूस म्हणाला, "बरं आजी, तक्रार लिहून घेतो. नाव सांगा."

गयाबाईने आपलं नाव सांगितलं, गावासकट, सावकाश. आणि मग विचारलं, "आन तुमचं?"